हॅलोवे बंगल्याची पायरी

आमच्या ह्यांना सरकारने म्युझियम मांडायला अहेरीच्या पलीकडच्या जंगलात धाडलं, तेव्हा म्युझियम म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. हे, म्हणजे गुणवंतराव, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. पूल, मोऱ्या आणि रेस्ट हाऊसची गळकी छपरं यांतच त्यांची उमर चाललेली. लहानपणी नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं म्युझियम, एकदा पाहिला होता, तेवढ्या भांडवलावर ते मला सांगत होते, "सोपं असते वच्छला. जे हाये थे ठेवाचं, अन् लोकायले हात लावू द्याचा नाई." मी म्हटलं, मग माझ्या स्वयंपाकघरालाच म्युझियम म्हणा की. तिथेही मी हेच करते.

सत्तावन्न साल होतं. दसरा होऊन गेला होता, परतीचा पाऊस मात्र अजून परतायला तयार नव्हता. मी वडशाची, तांदळाच्या गिरण्या, आगगाडीच्या शिट्ट्या आणि हिवाळ्यातली नाटकं यांत वाढलेली. जंगलात राहायचं म्हणून मी घरून निघाले तीच तोंड फुगवून. आलापल्लीपर्यंत बस, पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना साग इतका दाट की दुपारीसुद्धा गाडीवानाचं तोंड नीट दिसेना. आणि मग एकदम उजेड झाला. रान मागे सरलं, समोर हिरवंगार मैदान आलं आणि मैदानाच्या टोकाला हॅलोवे बंगला.

मी बोलकी बाई आहे, सगळा गोतावळा सांगेल. पण त्या वेळी माझं तोंड मिटलं. एवढं मोठं घर मी पाहिलंच नव्हतं असं नाही, चांद्याला आहेत की मोठाली घरं. पण या घराला जोडच कुठे दिसेना. व्हरांड्याचा एकेक खांब म्हणजे एकेक अख्खा साग. मी एका खांबाला कवेत घेऊन पाहिलं, तर पलीकडे माझे हात एकमेकांना सापडेनात. ह्यांना बोलावलं. ते पलीकडून कवेत घेऊ लागले तेव्हा कुठे आमची बोटं कशीबशी भेटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी अशी मिठी पहिलीच, तीही मध्ये खांब घेऊन.

आत तर विचारूच नका. दिवाणखान्याचं छत बघायचं तर मान मोडावी. खिडक्यांना रंगीत काचा. सकाळी ऊन आत आलं की फरशीवर लाल-निळी फुलं सांडल्यासारखी दिसत. जेवणाच्या टेबलावर आमचं लग्नाचं अख्खं वऱ्हाड बसलं असतं. तांब्याचा न्हाणीचा टब, भिंतीवर गव्याचं मुंडकं, पोरांचा लाकडी घोडा, आणि एक पियानो. तो म्हणे गोदावरीतून नावेने आला आणि पुढे माणसांच्या खांद्यांवरून. हॅलोवे या इंग्रज घराण्याच्या तीन पिढ्या इथे राहिल्या. त्यांचा सागाचा ठेका. शेवटची मिस हॅलोवे, तिला गाव मिस्सीबाई म्हणायचं, ती एकटीच उरली होती. विलायतेला जाताना तिने सामानासकट बंगला सरकारला दिला. अट एकच घातली: घर होतं तसंच राहिलं पाहिजे, घरातली कोणतीही वस्तू जागची हलवायची नाही.

हे सगळं आपल्याच जंगलातून उपसून उभं राहिलंय, हे मला कळत होतं. रागही येत होता. पण डोळे ऐकायला तयार नव्हते. रोज सकाळी मी काही ना काही निमित्त काढून आत जायची आणि नुसती उभी राहायची.

आमचा मुक्काम बाजूच्या खानसाम्याच्या खोल्यांत होता. दुपारी तिथे उकडायचं, म्हणून मी बंगल्याच्या समोरच्या दाराशी जाऊन बसायची. त्या दाराला एकच पायरी होती. काळ्या दगडाची, ऐसपैस, गुळगुळीत आणि भर उन्हातही गार. तांदूळ निवडायला तिच्यासारखी जागा नव्हती.

झाडायला आणि पाणी भरायला गावातली सोमारी यायची. गाव म्हणजे इरपनगुडा, माडिया आदिवासींची पंधरा-वीस घरं. सोमारी माझ्याच वयाची. तिचा बाप चैतू बंगल्यावर माळी होता. मिस्सीबाई गेल्यावरही झाडांना पाणी घालणं त्याने सोडलं नव्हतं. सोमारी कामाला चोख होती, पण एक गोष्ट मला खटकायची. ती समोरच्या दाराने कधी आत जायची नाही. डोक्यावर घागर घेऊन अख्ख्या बंगल्याला वळसा घालायची आणि मागच्या स्वयंपाकघरातून शिरायची. पायरीला तर तिचा झाडू लागायचाच नाही. साहेबांच्या धाकाची सवय असेल, असं मी समजत होते.

एक दिवस पाऊस कोसळत होता. मी पायरीवर, छपराच्या आडोशाला. ही भिजत, घागर सावरत निघाली वळसा घालायला. माझं डोकं फिरलं.

"अवो सोमारी, आता कोन साहेब बसला हाये इथी? काऊन भिजत फेरा मारून राह्यली? ये इकून!"

सोमारी थांबली. "तिकून नाई जात बाई."

"काऊन?"

तिने माझ्याकडे नाही, माझ्या खालच्या दगडाकडे पाहिलं. "तू ज्याच्यावर बसली हायेस ना बाई, थो माहा आजा हाये."

मी अशी उठले की सुपातले तांदूळ अंगणभर झाले.

पुढचं चैतूने सांगितलं, गुलाबाच्या आळ्यात पाणी सोडता सोडता, जसं काही कोणा शेजाऱ्याबद्दल बोलतोय. त्यांच्यात माणूस गेला की पुढे सवडीने त्याच्या नावाचा दगड उभा करतात. नदीकडच्या टेकाडावर अशा दगडांची रांग आहे. तो दगड नुसती खूण नसतो, तो माणूसच असतो. त्याला नव्या पिकाचा घास देतात, लग्नकार्य असलं की जाऊन सांगतात. चैतूचा बाप वारला तेव्हा चैतू काकाच्या खांद्यावर बसायच्या वयाचा होता. बाप गावात मान असलेला, म्हणून त्याचा दगडही तसाच भला मोठा आणला होता.

"मंग पयल्या साहेबानं घर बांधाले काढलं," चैतू म्हणाला. "त्याले लांब दगड पायजे होता. टेकाडावर आला, बोट दाखोलं. ज्यायनं माह्या बापाले उभा केला होता ना बाई, त्यायलेच उचलाले लावला."

"अन् कोनी काई बोललं नाई?"

"बंदुकीसमोर काय बोलतीन?" त्याने झारी दुसऱ्या आळ्यावर धरली. "मी मोठा झालो, तं साहेबाले म्हनलं, मले बगिच्यात ठेव. थो म्हने पोरगा मेहनती हाये. मले तं बापाजवळ राहाचं होतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रोज सकाळी पहिली झारी तो पायरीच्या कडेला ओतायचा. तिथे झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नाही. सारा जन्म त्या माणसाने बापाला पाणी पाजलं होतं, साहेबांच्या नाकासमोर, आणि तीन पिढ्यांत कोणाला पत्ता लागला नव्हता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. चैतूची बायको मागेच वारली होती. तिच्या नावाचा दगड आणून ठेवला होता, तो त्याच्या अंगणात चिंचेखाली आडवा पडून होता. गावात असा काही नियम नव्हता, पण चैतूच्या मनाने घेतलं होतं. सासरा पायाखाली झोपलेला असताना सून उभी कशी राहील? सोमारी हे सांगताना दुसरीकडे बघत होती. आई अजून धड घरात नाही आणि धड टेकाडावर नाही, हे तिला फार लागत होतं.

"अन् मी?" चैतू म्हणाला. "मी मेलो तं मले कुठी उभं करतीन बाई? बाप आडवा अन् पोरगा उभा?"

संध्याकाळी मी हे ह्यांच्या कानावर घातलं. ते खूष होऊन घरी आले होते. उद्घाटनाला नागपूरहून मोठे साहेब येणार होते आणि ह्यांना स्वतःलाच एक नामी कल्पना सुचली होती. ज्या दारातून आपल्या माणसाला साठ वर्षं जाता आलं नाही, त्या दारातून स्वराज्यात पहिला पाय गावच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा पडावा. म्हणजे चैतूचा. साहेबांनाही ती फार आवडली होती. कल्पना चांगलीच होती, हे मी आजही म्हणते. फक्त माणूस हा आणि पायरी ही, एवढंच जमत नव्हतं.

माझं ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. जेवण तसंच राहिलं. मग म्हणाले, "हलवता येत नाई. अट हाये. चमचा हलोला तरी मले जवाब द्या लागते, हा तं दगड हाये."

"मंग चैतूभाऊले त्याच्यावर चढोसान तुमी?"

ते म्हणाले, "आपन वरून गालिचा टाकू. दिसनारच नाई."

"टाका," मी म्हटलं. "तुमच्या बाबांवर बी एक टाकते. वरून चालत या."

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवशीचं पिठलं मी बिनमिठाचं केलं, मुद्दाम. त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, त्यावरून मला कळलं की माणूस आतून पुरता हललाय. चैतूला त्यांनी स्वतः जाऊन बोलावणं केलं. चैतू म्हणाला, "येतो." एवढंच. येऊन तो काय करेल, हे विचारायची ह्यांची छाती झाली नाही.

पौषात उद्घाटन झालं. मैदानात मांडव, आंब्याच्या डहाळ्या, अहेरीहून आलेली प्रतिष्ठित मंडळी, त्यांच्या बायकांची रेशमी लुगडी. इरपनगुड्याचे लोक मांडवाबाहेर झाडाखाली उभे होते. पायरीवर लाल गालिचा. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, फीत कापली आणि हात पुढे करून म्हणाले, "या आजोबा. पहिला मान तुमचा."

चैतू पुढे आला. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा. पायरीपाशी थांबला. मग खाली वाकून त्याने तो गालिचा हळूहळू गुंडाळला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा. दगडावर तळवा टेकून बसला. आपल्या भाषेत त्याच्याशी काहीतरी बोलला. ती भाषा मला येत नाही, पण बापाशी बोलतानाचा आवाज कोणालाही ओळखू येतो.

"काय झालं आजोबा?" साहेबांनी विचारलं.

चैतू उठला आणि हात जोडले. "साहेब, हा माहा बाप हाये. याच्या छातीवर पाय देऊन मी मान कसा घेऊ?"

सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या. ह्यांचे कान लाल झाले. मनात म्हटलं, आता बदली तरी होते नाहीतर नोकरी तरी जाते. पण हे पुढे झाले आणि सरळ बोलले.

"खरं आहे साहेब. हा दगड यांच्या टेकाडावरून उचलून आणलेला आहे."

"पण अट अशी आहे ना, की घरातलं काही हलवायचं नाही?"

हे एकदा माझ्याकडे बघून साहेबांना म्हणाले, "अट बंगल्याच्या वस्तूंची आहे. हा बंगल्याचा नाही. हा यांच्या घरचा आहे."

बिनमिठाच्या पिठल्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

साहेबांनी एकदा दगडाकडे पाहिलं. मग त्यांनी चैतूला विचारलं, "तुम्ही आत कुठून जाता?"

"मागून, साहेब."

"मग मला वाट दाखवा."

आणि काय सांगू, चैतू पुढे, त्याच्यामागे मोठे साहेब आणि त्यांच्यामागे सगळी प्रतिष्ठित मंडळी बंगल्याला वळसा घालून निघाली. रेशमी लुगडी सावरत बायका चुलीपाशी वाकून स्वयंपाकघरातून आत शिरल्या. उद्घाटन झालं ते असं. जाताना साहेब ह्यांना म्हणाले, "काढा तो दगड. लेखी मी देतो."

काढणं म्हणजे एका सकाळचं काम, असा ह्यांचा अंदाज होता. चैतूने दगडापाशी मोहाची थोडी दारू शिंपडली, बापाला सांगून घेतलं आणि खोदायला सुरुवात झाली. समोरून माती काढली, बाजूंनी काढली. व्हरांड्याच्या कडेपाशी दगड संपेल असं वाटलं होतं, तो संपेना. आणखी माती उपसली, तरी तो आतच चाललेला. शेवटी हे बॅटरी घेऊन पोटावर सरपटत व्हरांड्याखाली शिरले. बाहेर आले ते तोंडभर धूळ आणि जाळी घेऊन, आणि तसेच जमिनीवर बसले.

"वच्छला," ते म्हणाले, "समोरचे दोन्ही खांब याच्यावरच उभे हायेत."

मी वर पाहिलं. ते दोन खांब, ज्यांतला एक आमच्या दोघांच्या कवेत जेमतेम मावला होता. त्यांच्यावरची तुळई, तिच्यावरचं कौलारू छप्पर, सगळी दर्शनी बाजू. ज्या घरासमोर माझं तोंड मिटलं होतं, त्याचा पुढचा सगळा भार एका माणसाच्या पाठीवर होता, आणि ती पाठ साठ वर्षं अंधारात होती. मी बसले, पण कुठे बसायचं ते आधी बघून.

चैतूने एका खांबाला हात लावला आणि तो वर बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. पण त्याच्या चेहऱ्यावर निराळंच काही होतं. जत्रेत पहिल्यांदा गेलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"माह्या बापानं उचलून धरलं होतं एवढं सारं," तो म्हणाला.

मग त्याने हात काढून घेतला. "राहू दे ओवसरसाहेब. काढला तं घर पडन. मिस्सीबाईचं घर हाये. रांगत होती तवापासून पाह्यलं तिले. राहू दे."

सोमारीने तोंड फिरवलं. तिच्या आईचा दगड चिंचेखाली होता आणि आता तिथेच राहणार होता. मला तिच्याकडे बघवेना. पण आमचे हे भडकले. नवऱ्याला मी फारसं भडकलेलं पाहिलं नाही. त्या दिवशी पाहिलं.

"कोन म्हनते पडन?" ते उठलेच. "घर पडाले मी काय मेलो हावो इथी? सारा जनम छपराले टेकू देन्यात गेला माहा, अन् एवढं जमनार नाई मले? चैतूभाऊ, तुमी फक्त मानसं आना."

त्यांनी जाडजूड सागाच्या बल्ल्या मागवल्या. तुळईखाली टेकू उभे केले, टेकूंच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकल्या, एक इकडे, एक तिकडे, हळूहळू. दरवेळी हे खाली वाकून खांबाच्या बुडात कागद सरकवून पाहायचे. कागद सरकला की भार सुटला. जेवायला हाक मारली तर ओ देईनात. पूल बांधताना हा माणूस असाच असतो, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगायचे. मला ते कधी दिसलं नव्हतं. एका दुपारी कागद दोन्ही खांबांखालून आरपार गेला, तेव्हा त्यांनी तो मला आणून दाखवला. कोरा कागद, पण मी तो हातात घेऊन बघितला.

माणसं आणायला चैतूला कुठे जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इरपनगुड्यात ढोल वाजला. तो ऐकून पलीकडच्या पाड्यात वाजला, मग त्याच्याही पलीकडे. रानातून, पायवाटांनी, नदी उतरून लोक येत राहिले. मैदान भरलं. कोणी कोणाला विचारलं नाही की कशासाठी. त्यांनी रानवेलींचे मनगटाएवढे दोर वळून आणले होते, ओंडके आणले होते. बायकांनी वाटेवर पाणी शिंपलं.

दोर ताणले गेले. एकाने गाण्याची ओळ टाकली, बाकीच्यांनी उचलली. काही झालं नाही. पुन्हा ओळ, पुन्हा ओढ. आणि मग घराखालून एक आवाज आला. तो कशासारखा होता ते मला आजही सांगता येत नाही. फार वेळ दाबून धरलेला श्वास सुटावा, तसा काहीसा. खिडक्यांच्या रंगीत काचा किणकिणल्या. आत कोणी नसताना पियानो हलकेच घुमला. हे खांबाला तळवा लावून उभे होते, बिथरलेल्या बैलाला थोपटावं तसे. छप्पर कुरकुरलं आणि थांबलं. घर टेकूंवर उभं होतं, आणि दगड निघत होता.

तो पूर्ण बाहेर आला तेव्हा ओढणाऱ्यांनी आपणहून दोर सोडले. मी ज्यावर तांदूळ निवडायची ते त्याचं नुसतं टोक होतं. बाकीचा अंग पसरून उन्हात पडला होता. काळा, ओला, मातीचे ओघळ अंगावर. इतका लांब की चैतू एका टोकापासून चालत निघाला तर दुसऱ्या टोकाला पोचायला त्याला वेळ लागला. बंगल्याकडे पाठ होती माझी, आणि वळून बघावं असं मला वाटलंसुद्धा नाही.

ओंडक्यांवरून तो टेकाडाकडे निघाला. चैतू सगळ्यांच्या पुढे, पण उलटा चालत, दगडाकडे तोंड करून. सारखा बोलत होता. मी सोमारीला विचारलं, काय म्हणतो गं?

सोमारी रडत होती आणि हसतही होती. "वाट दाखवून राह्यला बाई. हा रस्ता नवा हाये म्हनते. इथी मोहाचं झाड होतं, थे तोडलं. तुह्या भावाचं घर आता तिकडे गेलं. इंग्रज गेला, म्हनते. तुले सून होती, लय चांगली होती, आता भेटन तुले."

मग मात्र मला आवरलं नाही. पदर तोंडाला लावला आणि रडले.

टेकाडावर दगडांच्या रांगेत एक जागा मोकळीच होती. साठ वर्षांत तिथे कोणी दुसरं कोणाला उभं केलं नव्हतं. खड्डा खोदला, बूड त्यात सोडलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला वर घेतलं. तो उठू लागला. जमिनीवरची त्याची सावली आखडत गेली, आमच्या अंगांवरून सरकत गेली आणि त्याच्या पायाशी जाऊन थांबली. ढोल बंद पडले. तो उभा होता. देवळात मी पुष्कळदा हात जोडलेत, सवयीने. त्या दिवशी ते आपोआप जोडले गेले. शेजारी पाहिलं तर ह्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

मग बायकांनी सोमारीच्या आईचा दगड आणला. तो लहानसा, माझ्या खांद्याएवढा. सोमारीने शेवटपर्यंत त्याच्यावरचा आपला हात काढला नाही. सासऱ्यापासून थोडं अंतर राखून सुनेला उभं केलं, आणि मधली जागा मोकळी ठेवली.

लोक पांगले, सावलीत बसून खाऊ-पिऊ लागले. चैतू मात्र त्या मोकळ्या जागेत गेला. एका बाजूला बाप, एका बाजूला बायको. पाय जुळवले, पाठ ताठ केली, हात अंगाशी घेतले आणि समोर बघत उभा राहिला. सोमारीच्या ध्यानात आलं तशी ती घाबरून ओरडली, "बाबा, निंग तिथून! आताच नको उभा राहू!"

"पाहून घेतो वं," चैतू तिथूनच म्हणाला. "मंग कोनाले सांगता येत नाई." मग माझ्याकडे बघून तो हसला, अगदी मनापासून. "बाई, इथून नदी दिसते."

बराच वेळ तो तसाच उभा होता.